दुखऱ्या अंगठ्याला पेलेल असे पिस्तूल : ह्यूस्टनजवळच्या एका निवडीचा अभ्यास

या लेखातील वहिनी म्हणजे माझ्या एका जुन्या मित्राची पत्नी. वय ५४, उंची ५ फूट २ इंच, शिक्षणाने आणि व्यवसायाने फार्मासिस्ट. ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात त्यांचे स्वतःचे छोटे औषधांचे दुकान आहे. ते रात्री ९ वाजता बंद होते आणि शेवटची सहायक मुलगी साडेआठला निघून गेल्यावर दिवसाचा हिशेब, नियंत्रित औषधांची मोजणी आणि कुलपे लावणे ही तिन्ही कामे वहिनी एकट्याच करतात. मागच्या दारापासून गाडीपर्यंत साधारण चाळीस पावले चालावे लागते आणि त्या वाटेवर एकच दिवा आहे. गेल्या हिवाळ्यात एक अनोळखी गाडी दिवे बंद करून त्या वाटेच्या तोंडाशी दोन वेळा उभी राहिलेली दिसली. दुसऱ्या खेपेस पोलिसांना बोलावावे लागले आणि त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या मित्राने वाढदिवसाची भेट म्हणून वहिनींना एक रिव्हॉल्वर आणून दिले.

मी टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाची मान्यता असलेला प्रशिक्षक आहे आणि शनिवार-रविवारी शस्त्र बाळगण्याच्या परवान्याचे वर्ग घेतो. रिव्हॉल्वर घरात आल्यानंतर महिन्याभराने वहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे परत देता येतं का हो? मला ते झेपत नाही, आणि यांनी एवढ्या काळजीनं आणलंय की सांगायचा धीर होत नाही." पुढचे अकरा आठवडे आम्ही त्या एका वाक्यामागचे कारण शोधण्यात आणि त्यावर उपाय करण्यात घालवले. त्यातून जे हाती लागले ते तपशिलाने लिहून ठेवावे असे वाटले, कारण येथील आपल्या माणसांत, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत, हाच प्रश्न मला वारंवार ऐकू येतो आणि त्याला दुकानात मिळणारे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते.

शस्त्राकडे वळण्यापूर्वी वहिनींनी एक गोष्ट स्वतःहून स्पष्ट केली. औषधांच्या दुकानात शिरणाऱ्या लुटारूला गल्ल्यातील रकमेपेक्षा ऑक्सिकोडोनसारख्या नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या बाटल्या हव्या असतात, हे त्या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक असते. कोणी बाटल्या मागितल्या तर त्या निमूटपणे काढून देणार, गल्लाही उघडून देणार आणि मालासाठी शस्त्राला हात लावणार नाही, असा त्यांचा निर्णय होता. पिस्तूल हवे होते ते त्या चाळीस पावलांसाठी, आणि कोणी त्यांना ओढून गाडीत घालू लागला किंवा जिवावर उठला तर त्या क्षणासाठी. हा निर्णय आधीच झालेला असल्यामुळे शस्त्र दुकानातील खणात ठेवावे की अंगावर बाळगावे, हा वाद उरलाच नाही. चाळीस पावले चालताना जे अंगावर नसेल त्याचा त्यांना काहीच उपयोग नव्हता.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, ज्यांना कायद्याने मनाई नाही अशा २१ वर्षांवरील व्यक्तींना परवान्याविना छोटे शस्त्र जवळ बाळगता येते. तरीही मी वहिनींना परवाना घ्यायला लावला, कारण त्यांच्या दुकानासमोरच शाळा आहे. केंद्रीय कायद्यानुसार शाळेपासून १,००० फुटांच्या आत शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो आणि त्या राज्याचा परवाना असलेल्या व्यक्तीला त्यातून सूट मिळते. वर्ग, लेखी परीक्षा आणि ३, ७ व १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्यांची नेमबाजी, एवढेच त्यासाठी करावे लागते. वहिनी आणि माझा मित्र दोघेही अमेरिकी नागरिक आहेत, त्यामुळे खरेदीत अडचण नव्हती. त्यांच्या घरी मात्र पुण्याहून शिकायला आलेला भाचा राहतो आणि तो विद्यार्थी व्हिसावर आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांना शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेले पिस्तूलही ताब्यातच धरले जाते. मित्रमंडळी हौसेने नव्या आलेल्या मुलांना रेंजवर घेऊन जातात, तेव्हा त्या मुलांचे येथील सगळे भवितव्य आपण पणाला लावत आहोत याची त्यांना कल्पना नसते. म्हणून भाच्याला तिजोरीचा संकेतांक सांगायचा नाही आणि तो कधी रेंजवर येणार नाही, या दोन गोष्टी पहिल्याच बैठकीत ठरल्या.

आता त्या रिव्हॉल्वरविषयी. ते अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचे, पावणेदोन-दोन इंची नळीचे, .३८ स्पेशल जातीची पाच काडतुसे घेणारे, रिकामे असताना जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम भरणारे शस्त्र होते. विक्रेत्याने माझ्या मित्राला सांगितले होते की बायकांसाठी हेच बरे. हलके आहे, लहान आहे, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, ओढावी लागत नाही आणि कधी अडकत नाही. यातील प्रत्येक शब्द आपापल्या जागी खरा आहे, तरीही त्यातून निघालेला सल्ला वहिनींच्या हाताला अपाय करणारा ठरला. अशा रिव्हॉल्वरचा घोडा चौकटीच्या आत झाकलेला असतो, त्यामुळे प्रत्येक गोळीला चापानेच घोडा मागे न्यायचा आणि काडतुसांचे नळकांडेही फिरवायचे असते. त्यासाठी तर्जनीला सुमारे साडेपाच किलोचा जोर लांबवर लावावा लागतो. अर्ध्या किलोहून हलकी वस्तू हातात स्थिर धरायची आणि तिच्यावर साडेपाच किलोचा ओढा द्यायचा, म्हणजे नेम हलणारच. शिवाय काडतुसाचा जोर तोच राहून शस्त्राचे वजन घटले की झटका वाढतो, आणि तो झटका थेट अंगठा व तर्जनी यांच्यामधील बेचक्यात बसतो. वहिनींच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. पंचवीस वर्षे बाटल्यांची झाकणे उघडून झालेली ती झीज आहे, असे त्या म्हणतात.

रेंजवर ७ यार्डांवरून, म्हणजे सुमारे साडेसहा मीटरवरून, त्यांनी पहिल्या पाच गोळ्या झाडल्या. त्यांतील दोन कागदाला लागल्या. दुसऱ्या पाचांनंतर त्यांनी रिव्हॉल्वर खाली ठेवले आणि डाव्या हाताने उजव्या अंगठ्याचे मूळ दाबून धरले. तेथे लालसर वळ उठला होता. रिव्हॉल्वर आणल्यापासून महिनाभरात त्या एकदाच सरावाला गेल्या होत्या, त्याचे कारण समोर दिसत होते. ज्या शस्त्राने सराव करताना दुखते त्याचा सराव होत नाही, आणि ज्याचा सराव नाही ते अंधारात, घाबरलेल्या हाताने चालवता येत नाही. आरामदायी शस्त्र म्हटले की लोकांच्या डोळ्यासमोर कमरेला न जाणवणारे शस्त्र येते. वहिनींच्या बाबतीत कमरेच्या आरामाइतकाच हाताच्या आरामाचा विचार करायला हवा होता, आणि त्या दोन आरामांची वजने एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात.

रिव्हॉल्वरांना मी नावे ठेवत नाही. महिनोन्महिने भरून ठेवले तरी ते तक्रार करत नाही, मनगट सैल पडले तरी पुढची गोळी सुटते आणि अंगाला टेकवून झाडावे लागले तरी स्लाइड अडण्याची भीती नसते. ज्यांना स्लाइड कोणत्याही उपायाने ओढता येत नाही त्यांना मी आजही रिव्हॉल्वरच सुचवतो, फक्त पोलादी चौकटीचे, थोडे जड आणि सौम्य काडतुसांचे.

वहिनींनी मग एका कोऱ्या कागदावर, नव्या रुग्णाची माहिती लिहून घ्यावी तशी, स्वतःची माहिती लिहिली. हात लहान, पकड उजव्या हाताची कमजोर, डाव्याची बरी. उभे राहून काम दहा तास, त्यात वाकणे पुष्कळ, कारण खालच्या फडताळांतील औषधे काढावी लागतात. पोशाख सैल पँट, कुर्ती आणि वर पांढरा कोट. हवा दमट, घाम भरपूर. घरात १३ वर्षांचा मुलगा. त्या कागदाच्या शेवटी त्यांनी "पर्समध्ये ठेवता येईल का?" असा प्रश्न लिहिला होता, आणि मी त्यावर काट मारली. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातील हेडन येथे एका मोठ्या दुकानात खरेदी करताना एका तरुण आईचा मृत्यू झाला; तिच्या पर्समधील पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागले होते आणि ती पर्स शस्त्र ठेवण्यासाठीच बनवलेली होती. पर्स खुर्चीवर राहते, गाडीत राहते, लहान मुलाच्या हाती पडते, आणि हिसकावणारा चोर तर प्रथम पर्सच ओढतो. शस्त्र अंगावरच राहील, हे त्या कागदावरचे पहिले कलम झाले.

पुढचा प्रश्न स्लाइडचा. वहिनींना रिव्हॉल्वर दिले गेले ते स्लाइड ओढता येणार नाही या समजुतीने, पण ती समजूत कोणी तपासली नव्हती. बहुतेक लोक पिस्तूल हात लांब करून धरतात आणि दुसऱ्या हाताचा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत स्लाइडचे टोक पकडून मागे ओढतात. त्या चिमटीत संधिवाताच्या सांध्यावर सर्वांत जास्त ताण येतो. मी वहिनींना पिस्तूल छातीजवळ घ्यायला सांगितले, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून डावा तळवा स्लाइडवर पालथा ठेवायला लावला, चारही बोटे पलीकडच्या खाचांत अडकवली आणि डाव्या हाताने ओढण्याऐवजी उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायला सांगितले. ढकलण्याचे काम खांद्याचे आणि छातीचे स्नायू करतात, अंगठ्याला त्यात फारसे काम उरत नाही. चौथ्या प्रयत्नात स्लाइड पूर्ण मागे आली तेव्हा वहिनी क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मग हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

तंत्र आले तरी प्रत्येक पिस्तुलाची स्प्रिंग सारखी नसते, आणि येथे यंत्राची रचना समजून घ्यावी लागते. काही पिस्तुलांत नळी चौकटीला पक्की बसवलेली असते आणि स्फोटाचा दाब स्लाइडच्या वजनाने व स्प्रिंगच्या जोराने रोखला जातो. जुनी वाल्थर पीपीके या रचनेची आहे. अशा पिस्तुलाचे काडतूस लहान असले तरी स्प्रिंग कडक ठेवावी लागते आणि झटकाही अपेक्षेपेक्षा तिखट बसतो. दुसऱ्या रचनेत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडे अंतर जोडीने मागे सरकतात आणि दाब उतरल्यावर नळीचे मागचे टोक खाली झुकून स्लाइड सुटी होते. येथे स्प्रिंग मऊ ठेवता येते. म्हणून लहान काडतूस म्हणजे सोपे पिस्तूल असा नियम बांधता येत नाही. लहान काडतूस, अडकणारी नळी आणि थोडी मोठी चौकट या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हाताला खरा आराम मिळतो.

आम्ही दोन रविवार रेंजवर भाड्याची पिस्तुले घेऊन तपासणी केली. सिग सॉअरचे पी३६५ हे २०१८ मध्ये आलेले, अर्ध्या किलोचे, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या पेटीत, दहा आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, एक अशी ९ मिमीची काडतुसे घेणारे पिस्तूल. एवढ्याशा चौकटीत एवढी काडतुसे मावू लागल्यानंतर लहान पिस्तुलांची सगळी बाजारपेठच बदलली. वहिनींनी ते बऱ्यापैकी चालवले, पण पंचवीस गोळ्यांनंतर अंगठा बोलू लागला. ग्लॉक ४३एक्सची मूठ त्यांना आवडली, स्लाइड मात्र दहा वेळांत तीनदा अर्ध्यावर सुटली. रुगरचे एलसीपी मॅक्स रिकामे असताना जेमतेम ३०० ग्रॅम भरते आणि ते खिशात विसरून जाता येईल इतके लहान आहे. ज्यांना उन्हाळी कपड्यांत दुसरे काही लपवताच येत नाही त्यांच्यासाठी ते मोलाचे, पण वहिनींच्या हातात ते रिव्हॉल्वरसारखेच उसळले. ग्लॉक ४२ त्याहून शांत वाटले. शेवटी स्मिथ अँड वेसनचे एम अँड पी ३८० शील्ड ईझी हातात आले. २०१८ चेच हे पिस्तूल, लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, वजन सव्वापाचशे ग्रॅम, मॅगझिनमध्ये .३८० या ९ मिमीहून कमी जोराच्या जातीची आठ काडतुसे. स्लाइड पहिल्याच झटक्यात आली. मॅगझिनच्या दोन्ही बाजूंना लहान कळ आहे. ती खाली दाबून धरली की स्प्रिंगशी न झगडता काडतुसे आत सरकवता येतात. अंगठ्याच्या दुखण्यात मॅगझिन भरणे हे स्लाइड ओढण्याइतकेच अवघड असते, याचा विचार करून हे पिस्तूल बनवलेले दिसले. वहिनींनी त्या दिवशी सत्तर गोळ्या झाडल्या आणि ७ यार्डांवरून एक सोडून सगळ्या तळहाताएवढ्या वर्तुळात बसवल्या.

यावर माझ्या मित्राने रास्त शंका काढली. .३८० पुरेसे आहे का? या वादाला इतिहास आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर त्या संस्थेने गोळी किती खोल जाते याची कसोटी ठरवली. जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर. ९ मिमीच्या चांगल्या पोकळ टोकाच्या, म्हणजे आत शिरल्यावर फुलणाऱ्या, गोळ्या या मापात सहज बसतात. .३८० ची गोळी जवळपास तेवढ्याच व्यासाची, पण तिच्या काडतुसाची नळकांडी ९ मिमीच्या १९ ऐवजी १७ मिलिमीटर लांब असते आणि दारूचा जोर कमी पडतो. त्यामुळे गोळी फुलली तर खोल जात नाही आणि खोल गेली तर फुलत नाही, अशी ओढाताण राहते. म्हणजे ९ मिमी सरस आहे, यात वाद नाही. परंतु कागदावरची गोळ्यांची भोके मोजली तर वहिनींच्या हातातील .३८० त्यांच्याच हातातील ९ मिमीपेक्षा कितीतरी सरस होते, आणि मी त्या कागदावर विश्वास ठेवला. उद्या त्यांचा हात सुधारला तर ९ मिमीकडे जाता येईल. आज चुकलेली ९ मिमीची गोळी रस्त्यापलीकडच्या शाळेच्या भिंतीत जाईल, हा विचार मला अधिक अस्वस्थ करत होता.

पिस्तूल सुमारे चारशे डॉलरना आले. विश्वसनीयता मात्र विकत मिळत नाही, ती त्या एका विशिष्ट नगावर तपासावी लागते. याच मालिकेतील ९ मिमीच्या ईझीची मार्च ते ऑक्टोबर २०२० मधील पिस्तुले घोड्यातील दोषामुळे कंपनीने स्वतः परत मागवली होती. वहिनींचे पिस्तूल त्या प्रकारातील नव्हते, तरी नवीन शस्त्राचा क्रमांक कंपनीच्या सूचनांशी ताडून पाहण्याची सवय मी प्रत्येकाला लावतो. माझा नियम असा की साध्या गोल टोकाच्या दोनशे आणि रोज भरून ठेवायच्या पोकळ टोकाच्या पन्नास गोळ्या अडथळ्याविना सुटल्याखेरीज पिस्तूल कमरेला जाणार नाही, आणि यातील काही गोळ्या एका हाताने, काही मुद्दाम सैल मनगटाने झाडल्या जातील. वहिनींच्या पहिल्या शंभरांत दोन प्रसंग घडले. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी, ती दोनदा पुढे गेली. बाजूला उभे राहून पाहिल्यावर कळले की त्यांचा उजवा अंगठा स्लाइड अडवणाऱ्या खटक्यावर दाबून बसत होता. अंगठा एका बोटाच्या रुंदीने खाली घेतला आणि तो प्रकार थांबला. त्यानंतरच्या १९० गोळ्या, पोकळ टोकाच्या पन्नास धरून, एकही अडथळा न येता सुटल्या.

माझी खरी काळजी वेगळीच होती. या पिस्तुलाच्या मुठीच्या मागच्या बाजूस एक सुरक्षा-पट्टी आहे. मूठ घट्ट धरून ती आत दाबली गेल्याशिवाय चाप काम करत नाही. निरोगी हाताला तिची जाणीवही होत नाही. घाईघाईत काढलेले पिस्तूल दुखऱ्या हातात तिरपे बसले तर पट्टी अर्धवट दाबली जाऊन ऐन वेळी काहीच घडणार नाही, अशी शक्यता होती. ती शक्यता तोंडी चर्चेने मिटवण्यासारखी नव्हती. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर दोघांनी डोळ्यांनी व बोटाने तपासून, वहिनींनी रोज वीस या हिशेबाने शंभर वेळा रिकामे पिस्तूल कमरेवरून काढून चाप ओढला. पहिल्या दिवशी वीसपैकी दोन वेळा चाप मेला. कारण होते होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचे कमरेचे म्यान. त्याची कड इतकी उंच होती की तळवा मुठीवर पूर्ण बसतच नव्हता. होल्स्टर बदलल्यावर उरलेल्या ऐंशी वेळा एकदाही चुकले नाही.

होल्स्टर आणि पट्टा यांना लोक दुय्यम समजतात आणि तेथेच पैसे वाचवतात, हे मला कधी समजलेले नाही. अंगावरच्या आरामाचा निम्म्याहून अधिक भाग त्यांचाच असतो. चाप पूर्ण झाकला जाईल, पिस्तूल आत घालताना तोंड मिटणार नाही आणि उलटे धरले तरी पिस्तूल पडणार नाही, असे कायडेक्स या कडक प्लास्टिकचे होल्स्टर आम्ही घेतले. ते पँटच्या आतल्या बाजूस, उजव्या कुशीच्या किंचित मागे बसवले. पोटासमोर ठेवले की लवकर हाती येते हे खरे, पण खालच्या फडताळासाठी वाकताना पिस्तुलाचे टोक मांडीत रुतत होते आणि तेथे असलेले शस्त्र दुपारपर्यंत खणात जाणार हे दिसत होते. पहिला आठवडा त्यांनी दुकानात रिकामे पिस्तूल बाळगले. तिसऱ्या दिवशी साध्या कापडी पट्ट्याची घडी पडून पिस्तूल बाहेर कलले आणि पांढऱ्या कोटाला कोपर आल्यासारखे दिसू लागले. कडक पट्टा आल्यावर तेच पिस्तूल अंगाला चिकटून बसले. पाचव्या दिवशी फोन करून त्यांनी विचारले की शौचालयात गेल्यावर ते कुठे ठेवायचे. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि मग पिस्तूल पाण्याच्या टाकीवर विसरून येतात. उत्तर असे, की ते होल्स्टरमधून काढायचेच नाही. पँट उतरली तरी ते होल्स्टरसकट पँटमध्येच, गुडघ्यांच्या मध्ये राहील.

साडीचा प्रश्न सुटला नाही. गणपतीत किंवा कोणाच्या लग्नात साडी नेसायची तर पट्टा नाही, आणि परकराच्या नाडीवर अर्धा किलो शस्त्र टांगणे धोक्याचे आहे. पोटाला बांधायचा रुंद पट्टा आम्ही वापरून पाहिला, पण निऱ्या आणि पदर यांतून हात तिथवर पोहोचायला इतका वेळ लागला की वहिनींनीच तो काढून ठेवला. साडीच्या दिवशी पिस्तूल तिजोरीत राहते. मंदिराच्या दारावर शस्त्रबंदीची कायदेशीर पाटी असल्याने तेथे ते तसेही आत नेता आले नसते.

तिजोरी पलंगाला साखळीने बांधलेली, बोटांच्या संकेतांकाची आहे. टेक्सासच्या दंडसंहितेनुसार १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल अशा रीतीने ठेवणे हा गुन्हा आहे, पण वहिनींना कायद्यापेक्षा मुलाच्या कुतूहलाची चिंता होती. मी त्या तेरा वर्षांच्या मुलाला समोर बसवून रिकामे, उघडलेले पिस्तूल दाखवले आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. झाकून ठेवलेल्या वस्तूची ओढ त्या दिवशी बरीच कमी झाली असावी. त्यानंतर त्याने पुन्हा विषय काढला नाही. तिजोरीचा संकेतांक अर्थातच त्यालाही दिलेला नाही.

तीन महिन्यांनी मी पिस्तूल पुन्हा तपासले. घामामुळे स्लाइडच्या उजव्या कडेवर गंजाचे दोन-तीन ठिपके होते आणि नळीच्या तोंडाशी पांढऱ्या कोटाचे तंतू साचले होते. तेलाचा हात आणि जुना दात घासायचा ब्रश एवढ्यावर ते निघाले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. वहिनी रोज रात्री चेंबर रिकामे करत आणि सकाळी तेच काडतूस पुन्हा वर भरत. मी ते काडतूस आणि पेटीतील एक नवे काडतूस टेबलावर शेजारी उभे केले. जुन्याची गोळी नळकांडीत डोळ्याला दिसेल इतकी आत सरकली होती. प्रत्येक वेळी स्लाइड सुटली की गोळीचे टोक आपटते आणि ती थोडी थोडी आत जाते. आतील जागा कमी झाली की दारू पेटल्यावर दाब धोकादायक वाढतो. वहिनी त्या दोन काडतुसांकडे चष्मा वर करून बराच वेळ पाहत होत्या. आता त्या पिस्तूल भरलेलेच, होल्स्टरसकट तिजोरीत ठेवतात, आणि एखादे काडतूस दोनदा चेंबरमध्ये गेले की ते सरावाच्या डब्यात टाकतात.

नोव्हेंबरात वहिनी दोन महिन्यांसाठी पुण्याला गेल्या. निघण्याच्या आदल्या रात्री मी त्यांच्या घरी जाऊन प्रत्येक बॅग उलटी केली, बाहेरचे कप्पे आणि कोटांचे खिसे चाचपले. येथून जाणाऱ्या प्रवाशाच्या सामानात विसरलेले एखादे काडतूस मुंबई विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात दिसले की १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली गुन्हा नोंदला जातो. ताबा जाणीवपूर्वक नव्हता हे पुढे न्यायालयात मांडता येते, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच तसा दंडक घालून दिला आहे, पण तोवर पासपोर्ट, वकील आणि तारखा यांत सुट्टी संपलेली असते. वहिनी त्यांची रेंजची बॅग प्रवासाला नेत नाहीत, हे मला माहीत होते. तरीही त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात, दोन पावत्या आणि एक पेन यांच्या खाली, सरावाच्या डब्यात टाकायचे राहून गेलेले एक .३८० चे काडतूस सापडले, आणि तो कोट त्या धुवायला म्हणून पुण्याला घेऊन चालल्या होत्या.